मोजलेली वाढ

आमच्या ऑफिसात दरवर्षी अप्रेझलचा फॉर्म भरून द्यावा लागतो. 'या वर्षातील प्रगती' असा एक रकाना त्यात असतो. यंदा तो भरायला मला जराही वेळ लागला नाही. किती कामं पुरी केली, किती जणांना हाताखाली घेतलं, कुठल्या नव्या परीक्षा दिल्या, सगळे आकडे तोंडपाठ होते. फॉर्म गेला, आणि मग एक प्रश्न मनात येऊन बसला तो हलेचना: हे सगळं वाढलं, पण मी वाढलो का?

हा प्रश्न मला याआधीही भेटला होता, तो ऑफिसपासून फार लांबच्या जागी. १९८० च्या दशकात ॲपल टूसारख्या लहान संगणकांवर जे रोल-प्लेइंग गेम आले, ते मी पुष्कळ उशिरा, जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर खेळायला लागलो आणि अजूनही खेळतो. कॅरॅक्टर तयार करायचं, त्याला अनोळखी मुलखात किंवा भुयारात न्यायचं, लढत लढत त्याची लेव्हल वाढवायची आणि आणखी पुढे जायचं. या खेळांवर माझा जीव आहे. त्यांतला आनंद खरा आहे याबद्दल मला शंका नाही. पण तो नेमका कशाचा आनंद आहे, हे स्वतःला विचारायचं मी टाळत आलो. आज विचारायचं ठरवलं आहे. उत्तर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, त्यामुळे सजवून सांगायचं कारणही नाही.

या सगळ्या खेळांचं मूळ टेबलावरच्या एका खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या युद्धखेळांत सैन्याच्या तुकड्या हलवायच्या असत. इथे खेळणाऱ्यानं एकाच माणसाच्या अंगात शिरायचं, त्याला भुयारात उतरवायचं आणि जमलं तर जिवंत परत आणायचं. परत आलेल्याला एक्सपीरियन्स पॉइंट मिळत आणि ते ठरावीक संख्येनं साठले की त्याची लेव्हल वाढे. सुरुवातीच्या नियमांत हे गुण मुख्यतः भुयारातून वर आणलेल्या धनाचे असत. राक्षसाची झोप न मोडता सोनं उचलून आणलं, तरी ते जमेला धरलं जाई.

वर्षभरात हा खेळ संगणकावर पोचला. इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची, शिक्षणासाठी उभारलेली संगणकव्यवस्था होती. तिच्यावर रस्टी रदरफर्ड यानं १९७५ साली लिहिलेला 'पेडिट५' हा या जातीच्या अगदी पहिल्या खेळांपैकी एक. अभ्यासाच्या फाइलला शोभेल असं नाव घेऊन तो तिथे राहत होता. व्यवस्थापकांच्या लक्षात आल्यावर तो पुसला गेला, पण तोवर मुलांनी आपापले खेळ लिहायला सुरुवात केली होती.

या खेळांत दोन ओढी एकत्र बांधलेल्या आहेत. वळणापलीकडे काय आहे ते पाहावं ही एक, आणि आपला आकडा चढताना पाहावा ही दुसरी. खेळ रचणाऱ्यांनी त्यांची सांगडही मोठ्या समजुतीनं घातली. खालचा मजला अधिक धोक्याचा, त्यामुळे बळ वाढल्याशिवाय तो पाहता येत नाही, आणि बळ वाढवायचं तर खाली उतरावं लागतं. कागदावर हे नातं सरळ दिसतं: बळ हे साधन, पाहणं हे साध्य. माझ्या मनात ते तितकं सरळ आहे का, हे मला तपासायचं आहे.

त्यासाठी 'विझर्ड्री' फार उपयोगी आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा हा खेळ सर-टेक कंपनीनं १९८१ साली ॲपल टूवर आणला. सहा जणांची पार्टी घेऊन दहा मजल्यांच्या भुयारात उतरायचं. प्रत्येक मजला २० गुणिले २० चौकोनांचा. स्क्रीनच्या एका कोपऱ्यात रेघांनी काढलेल्या भिंती दिसतात, दोन-तीन चौकोनांपुढचं काही दिसत नाही, आणि खेळ तुम्हाला नकाशा देत नाही. तो तुम्हीच काढायचा. त्या वेळचे खेळाडू ग्राफ पेपर आणि पेन्सिल घेऊन बसत. मीही तसाच बसतो.

जिन्यापाशी, डाव्या हाताच्या खालच्या चौकोनातून सुरुवात होते. एक पाऊल पुढे, कागदावर एक चौकोन. डावीकडे भिंत, रेघ मारा. उजवीकडे दार, रेघेत खूण करा. तासाभरात दालनं, बोळ, बंद खोल्या कागदावर उमटायला लागतात. मग कधीतरी असं होतं की जिथे कागदावर मोकळी वाट आहे तिथे स्क्रीनवर भिंत उभी राहते. म्हणजे मागे कुठेतरी खेळानं तुम्हाला उचलून दुसऱ्या चौकोनात ठेवलं आणि सांगितलं नाही, किंवा जागच्या जागी फिरवून तोंड दुसऱ्या दिशेला केलं. काही भाग पूर्ण काळोखाचे, तिथे भिंतीला धडकूनच भिंत कळते. मांत्रिकाला डुमॅपिक हा मंत्र येत असेल तर जिन्यापासून आपण किती चौकोन पूर्वेला, किती उत्तरेला आणि किती मजले खाली आहोत एवढं समजतं. तो मंत्र टाकायचा, मागच्या पन्नास-साठ चौकोनांवर शंका घ्यायची, रबर फिरवायचं आणि चूक नेमकी कुठे शिरली ते शोधून काढायचं. ती जागा सापडते तेव्हा जो आनंद होतो, तो कुठल्याही आकड्यात दिसत नाही. कॅरॅक्टरची लेव्हल तितकीच असते. बदललेला असतो तो मी, कारण मघापर्यंत जे माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं ते आता दिसतं.

याच भुयाराच्या पहिल्या मजल्यावर, एका ठरावीक जागी मर्फीचं भूत आहे. हा शत्रू फारशी इजा करत नाही, मरायला वेळ लावतो, आणि मेला की पहिल्या मजल्याच्या मानानं भरघोस गुण देऊन जातो. पुन्हा तिथे गेलं की पुन्हा हजर. खेळाडूंमध्ये ही जागा फार प्रसिद्ध. 'द बार्ड्स टेल' या १९८५ च्या खेळातही हार्किनच्या किल्ल्यात ९९-९९ बर्सर्करांचे चार जथे एकदम अंगावर येतात. ज्या खेळाडूंना हे जथे जाळून काढता येत, ते गुणांसाठी तिथेच पुन्हा पुन्हा जात. याला खेळाडू ग्राइंडिंग म्हणतात. मीही मर्फीच्या भुतासमोर कितीतरी संध्याकाळी काढल्या आहेत. नकाशा अर्धा कोरा पडलेला, पेन्सिल बाजूला, आणि मी त्याच खोलीत.

त्यात वाईट काय, असा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं मुळात वाईट नाही. गाणं शिकणारा एकच पलटा महिनोन्महिने घोकतो आणि त्यातूनच त्याचा गळा तयार होतो. पण रियाजात प्रत्येक आवर्तनात कान जागा असतो. सूर कुठे उतरला, श्वास कुठे तुटला, हे तो ऐकत असतो आणि पुढचं आवर्तन मागच्यासारखं राहत नाही. मर्फीच्या भुतापुढे माझा कान झोपलेला असतो. शंभरावी लढत पहिलीसारखीच असते, आणि तरीही मला बरं वाटत असतं. ते बरं वाटणं मी नीट न्याहाळलं. त्यात कुतूहल नव्हतं, कसाला लागल्याचं समाधानही नव्हतं. होता तो निर्धास्तपणा. काहीतरी वाढतं आहे याची खात्री, आणि ते वाढत असताना आपल्याला काही होणार नाही याची त्याहून मोठी खात्री.

इथे मला ऑफिस आठवलं, आणि हे आठवणं सुखाचं नव्हतं. ज्या कामात माझा हात बसला आहे तेच काम मी गेली कित्येक वर्षं मागून घेतो. ते लवकर होतं, चांगलं होतं, लोक नाव काढतात, फॉर्मवर लिहायला आकडा मिळतो. हा अनुभव आहे, असं मी स्वतःला सांगत आलो. पण विझर्ड्रीतलीच एक गोष्ट मला या समजुतीत राहू देत नाही. त्या खेळात कॅरॅक्टरचा पेशा बदलता येतो, लढवय्याला मांत्रिक होता येतं. पण बदलला की लेव्हल पुन्हा १ होते, अंगचे गुण किमान पातळीवर घसरतात आणि वय काही वर्षांनी वाढतं. शिकलेले मंत्र तेवढे सोबत राहतात. माझी खरी भीती ती आहे. पुन्हा एकदा लेव्हल १ चा होण्याची, आणि तीही वाढलेल्या वयात. या खेळात तर साधी लेव्हल वाढतानासुद्धा, सरायीत रात्र काढून सकाळी उठल्यावर, एखादा गुण वाढण्याऐवजी घटलेला निघू शकतो. ग्रीनबर्ग आणि वुडहेड यांनी हे कशासाठी ठेवलं ते त्यांना ठाऊक. मला मात्र ते खरं वाटतं. माझीही लेव्हल वाढत गेली तसतशी प्रश्न विचारण्याची माझी सवय घटत गेली. ज्याला सगळं येतं असं लोक मानतात, त्याला 'हे मला कळलं नाही' म्हणणं जड जातं.

दुसरा खेळ 'रोग'. मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यार्थ्यांनी तो १९८० च्या सुमारास युनिक्सवर लिहिला. चित्रं नाहीत. तुम्ही म्हणजे ॲटचं चिन्ह, राक्षस म्हणजे ए ते झेडपर्यंतची कॅपिटल अक्षरं. प्रत्येक वेळी भुयार नव्यानं रचलं जातं, त्यामुळे जुना नकाशा कामाचा नाही. रंगीत काढ्यांपैकी कुठला काय करतो हे दर डावात बदलतं, पिऊनच बघावं लागतं. मेलात की संपलं. साठवून ठेवलेला डाव पुन्हा उघडताच त्याची फाइलही पुसली जाते.

'रोग'मध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती भूक. कॅरॅक्टरला खावं लागतं, अन्न भुयारातच सापडतं आणि तेही मोजकं. एकाच मजल्यावर राहून सोप्या राक्षसांवर गुण साठवत बसलात तर उपाशी मराल. पुढे जाण्याशिवाय गत्यंतर नाही. विझर्ड्रीनं हा निर्णय माझ्यावर सोडला होता, 'रोग' तो माझ्या हातात ठेवतच नाही. आणि डाव संपल्यावर माझ्याजवळ उरतं काय? लेव्हल गेली, तलवार गेली, सोनं गेलं. उरतं ते फक्त कळलेलं: कुठल्या अक्षरापासून पळायचं, कुठल्याशी दारात उभं राहून लढायचं, अनोळखी काढा केव्हा प्यायचा. या खेळात कॅरॅक्टर साठवत नाही, खेळणाराच शिकतो.

हे पटतं. पण मन काय म्हणतं? एम्युलेटरमध्ये एक बटण दाबलं की खेळाची आहे तशी स्थिती जपून ठेवता येते, मेलो तर तिथूनच पुढे. ते बटण माझ्या बोटाखाली असतं. ते दाबलं की भीती जाते, आणि भीतीबरोबर कोपऱ्याकोपऱ्यातलं औत्सुक्यही जातं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी बोट तिकडे वळतं. म्हणजे शिकण्याचं मोल मला समजतं, पण गमावण्याची तयारी नसते. 'रोग'मध्ये मरण आलं की मला पहिली हळहळ लेव्हलची वाटते, न पाहिलेल्या मजल्यांची नंतर. हा क्रम माझ्या मनाचा आहे, तो मी बदलून सांगणार नाही.

आता त्या खेळाकडे येतो ज्यानं मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. 'अल्टिमा ४'. रिचर्ड गॅरियटचा हा खेळ १९८५ साली आला. त्याच्या आधीच्या अल्टिमांमध्ये खेळाडूंना चोरी करता येई, गावातल्या माणसांना मारता येई, आणि अनेकदा ते फायद्याचंही असे. अल्टिमा ३ त्याच्या स्वतःच्या ओरिजिन कंपनीनं काढल्यावर खेळणाऱ्यांची आणि पालकांची पत्रं थेट त्याच्याकडे यायला लागली. लोक आपण रचलेल्या जगात कसे वागतात हे त्याच्या लक्षात आलं, आणि पुढचा खेळ त्यानं वेगळाच केला. यात शेवटी मारायला कुणी खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ सद्गुणांत पूर्ण होऊन अवतार व्हायचं, हेच उद्दिष्ट. ही कल्पना त्यानं हिंदू परंपरेतून घेतली. प्रत्येक सद्गुणाचं एक देवस्थान आहे, तिथे मंत्राचा जप करून ध्यान लावायचं. अध्यात्माच्या देवस्थानाचा मंत्र ओम आहे. आपल्याकडे अवतार वरून खाली उतरतो, या खेळात माणूस पायरी पायरीनं वर चढतो. पायऱ्या आल्या म्हणजे मोजणी आलीच.

मोजणी मात्र लपवलेली आहे. आठही सद्गुणांचे आकडे खेळ ठेवतो, पण दाखवत नाही. पळून जाणाऱ्या साध्या प्राण्याला जाऊ दिलं तर करुणा वाढते. वैद्याच्या घरी तो रक्त मागतो, दिलं तर अंगातलं बळ बरंच घटतं आणि त्याग वाढतो. बढाई मारली तर नम्रता घटते. खेळातला राजा लॉर्ड ब्रिटिश याच्या किल्ल्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा बसलेला असतो. त्याला एकेका सद्गुणाबद्दल विचारलं की तो शब्दांत सांगतो, आपण कुठवर आलो. एखाद्या गुणात पूर्णत्व मिळालं म्हणजे अवतारपणाचा आठवा हिस्सा हाती येतो, आणि पुढे त्या गुणाविरुद्ध वागलं तर तो काढूनही घेतला जातो.

या खेळात जादूच्या मंत्रांसाठी लागणारी औषधी द्रव्यं विकणाऱ्या आंधळ्या बायका आहेत. तुम्ही गंधकाची राख घेतली, जिनसेंग घेतलं, लसूण घेतली. ती किंमत सांगते आणि पैसे तुम्हीच मोजून ठेवायचे असतात. किती ठेवता तो आकडा टाइप करायचा. कमी टाकला तरी ती आभार मानते, माल देते. काहीही घडत नाही. फक्त आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा घसरतो.

मी तिला कधी एक नाणंही कमी दिलं नाही. याचं मला बरेच दिवस समाधान होतं. आज तपासायला बसलो तेव्हा त्या समाधानाखाली काय आहे हे पाहावं लागलं. मी पूर्ण पैसे दिले ते त्या बाईसाठी की हॉकविंडसाठी? आत आकडा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला दिसत नव्हतं, पण आपल्याला कुणीतरी पाहतं आहे याची मला खात्री होती. अशा वेळी पूर्ण पैसे देण्यात प्रामाणिकपणा किती आणि हिशेबीपणा किती?

याच खेळातल्या भिकाऱ्यांच्या बाबतीत तर उत्तर स्पष्टच आहे. भिकाऱ्याला एक नाणं दिलं काय आणि दहा दिली काय, करुणेचा आकडा तेवढाच वाढतो. हे कळल्यावर मी एकेकच नाणं द्यायला लागलो. भिकारी तोच, त्याची गरज तीच, थैलीत पैसे भरपूर. मी एक नाणं द्यायचो, थांबायचो, पुन्हा एक द्यायचो. मर्फीच्या भुतासमोर मी जे करतो तेच इथे करत होतो, फक्त राक्षसाच्या जागी भिकारी होता. सद्गुणांचा खेळसुद्धा माझ्या हातात आल्यावर ग्राइंडिंग झाला.

याचा दोष मी गॅरियटला देत नाही. त्यानं जे करून दाखवलं ते त्या काळात फारसं कुणी करत नव्हतं, आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण यंत्राला कृती दिसते, हेतू दिसत नाही. तो हेतू हॉकविंडला कळू शकत नाही. मला कळतो. कुणीही न मोजलेली आणि कुणालाही न मोजता येणारी बाजू ज्याची त्यानंच पाहायची असते, आणि विवेकाचं काम नेमकं तिथे सुरू होतं.

तर मग ती बाजू पाहू. आमच्या भागात दरवर्षी रक्तदान शिबिरं होतात आणि मी जमेल तेव्हा रक्त देतो. बिस्किटं, चहा, प्रमाणपत्र. ती प्रमाणपत्रं मी एका फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. प्रमाणपत्र नसतं, कुणाला कळणार नसतं, तर मी गेलो असतो का? बहुतेक गेलो असतो. पण फाइलमध्ये एक कागद वाढला की मला जे वाटतं, ते रक्त ज्याच्या अंगात जाणार त्याच्याबद्दल नसतं. त्या माणसाचा विचार माझ्या मनात क्वचितच येतो. हे लिहिताना मला संकोच होतो आहे, पण हेच खरं.

यावरून रक्त देणंच ढोंग आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. आत्मपरीक्षण करणारा माणूस फार लवकर या टोकाला जातो, आणि मग हेतू शुद्ध होण्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसतो. पेशंटला रक्त मिळालं, त्याला माझ्या फाइलशी देणंघेणं नाही. त्या आंधळ्या बाईला पैसे पूर्ण मिळाले. हेतूत भेसळ असली तरी कृतीचं मोल बुडत नाही, म्हणून कृती थांबवायची नाही. हेतू तपासायचा तो वेगळ्या कारणासाठी. आकडा नसेल तिथे मी कसा वागेन, याचा अंदाज फक्त हेतूवरून येतो.

आणि आकडा नसलेल्या जागा खूप आहेत. ऑफिसात नवीन आलेल्या एखाद्याला मदत करायची असते. मी ती दोन तऱ्हांनी करतो, हे आता मला दिसतं आहे. त्याच्या टेबलाशी जाऊन शेजारी बसून समजावतो, ते कुठेच नोंदलं जात नाही. किंवा ईमेलवर सविस्तर लिहितो आणि वरिष्ठांना सीसीमध्ये ठेवतो. दोन्ही वेळा मदत होतेच. पण कामाच्या गर्दीत एखाद्या दिवशी एकालाच वेळ देता येणार असेल, तर मी कुणाला देतो? ज्याची अडचण सीसीत दिसेल त्याला.

त्याहून खोलवर जाणारी गोष्ट माझ्या कामातच आहे. प्रोग्राम लिहिताना नेहमीची वाट असते आणि क्वचित येणाऱ्या वाटा असतात: नेटवर्क अर्ध्यात तुटलं, पैसे एका खात्यातून निघाले आणि दुसऱ्यात पोचलेच नाहीत, कुणाचं नाव रकान्यात न मावण्याइतकं लांब निघालं. नेहमीची वाट सगळे तपासतात. क्वचितची वाट नीट बांधली की कशीबशी मिटवली, हे बहुधा कुणाला कळत नाही. ज्या दिवशी कुणा म्हाताऱ्या माणसाचे पेन्शनचे पैसे त्या वाटेवर अडकतील, त्या दिवशी त्याला फक्त 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच दिसेल. माझा कोड त्याला वाचता येत नाही. तो माझ्या शब्दावर विसंबून आहे. पैसे मोजून ठेवण्याचा हा खरा प्रसंग, आणि इथे कुणी हॉकविंड बसलेला नाही. अशा वाटा मी पुष्कळदा नीट बांधल्या आहेत. घाई असताना, रिलीजची तारीख अंगावर आलेली असताना सगळ्याच तितक्या नीट बांधल्या असं छातीवर हात ठेवून मी म्हणू शकत नाही.

शोध घेण्याच्या ओढीलाही मी निर्दोष सोडणार नाही. कोरा चौकोन मला खुपतो. एखादा मजला पूर्ण झाला की नव्या कोपऱ्याच्या आनंदापेक्षा कागद भरल्याचा आनंद मोठा होतो. पाहण्याची ओढसुद्धा बघता बघता संपवण्याची घाई होऊन बसते. तरीही पाहण्याची आणि आकड्याची या दोन ओढींत मी पहिलीकडे झुकतो, आणि त्याला विझर्ड्रीतलीच एक गोष्ट कारण आहे.

चौथ्या मजल्यावर एक निळी फीत मिळते. ती असली की लिफ्टमधून थेट नवव्या मजल्यापर्यंत जाता येतं, आणि तिथून दहाव्यावर. मधल्या ५ ते ८ या मजल्यांवर जायची गरजच नाही. खेळ जिंकायला लागणारं तिथे काही नाही. पण ग्रीनबर्ग आणि वुडहेड यांनी ते चार मजले बांधले. २० गुणिले २० चे चार मजले, भिंती, दारं, काळोख, फसव्या जागा, सगळं. आणि खेळाडू तिथे गेले, पेन्सिलीनं ते कागदावर उतरवत गेले. मीही गेलो. गुण तिथेही मिळतात, पण गुणांसाठी तिथे जावं लागत नाही. ज्याला पाहायचं आहे त्याच्यासाठीच ते मजले आहेत. तिथे मी जेव्हा एखाद्या बोळाच्या टोकाशी पोचलो आणि पुढे काही नाही हे कळलं, तेव्हाही फुकट गेलो असं वाटलं नाही. माझ्या मनात आकड्याखेरीज दुसरंही काही आहे, याचा मला मिळालेला हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

म्हणून या तपासणीतून मी स्वतःसाठी दोन प्रश्न ठेवले आहेत. नवं पद, नवं कौशल्य, नवी शाबासकी, काहीही हाती आलं की पहिला प्रश्न: यामुळे मला आधी न दिसणारं काही दिसायला लागलं का? दुसरा: जो माझा हिशेब तपासू शकत नाही, त्याच्याशी माझा व्यवहार यामुळे अधिक चोख झाला का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर आकडा सोबत आला तरी हरकत नाही. दोन्हींचं 'नाही' असेल तर मी मर्फीच्या भुतासमोर उभा आहे.

गेल्या वर्षाला हे प्रश्न लावले. पहिल्याचं उत्तर बहुतांशी 'नाही'. मी तेच केलं जे मला येत होतं. दुसऱ्याचं उत्तर अर्धवट: काही जागी हो, काही जागी आठवत नाही. आठवत नाही हेही उत्तरच आहे, कारण ज्याची काळजी असते ते माणूस विसरत नाही.

त्यावर जे करायचं ते ठरवलं आहे. जुन्या कोडमधल्या ज्या वाटा घाईत मिटवल्या त्यांची यादी काढायला घेतली आहे. ते काम कुठल्याही फॉर्मवर येणार नाही आणि मी ते कुणाला कळवणारही नाही. रक्त देत राहीन, आणि ते ज्याच्यापर्यंत जाईल त्याचा विचार सुई टोचतानाच करायची सवय लावून घेईन. आणि ऑफिसात मी एक असं काम मागून घेतलं आहे ज्यातलं मला जवळजवळ काही येत नाही. तिथे माझ्या निम्म्या वयाच्या मुलीला मला रोज प्रश्न विचारावे लागणार आहेत, आणि बरेचसे प्रश्न अगदी प्राथमिक असतील. तिच्यासमोर मी लेव्हल १ चा असेन. त्याची भीती वाटते. ती जाईपर्यंत थांबलो तर मी कधीच जाणार नाही, म्हणून ती घेऊनच सोमवारपासून जाणार आहे.